पहिली ते तिसरीच्या वर्गात हाताने करायचं विज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिसर अभ्यास तिसरीपासून आहे. मग पहिली-दुसरीत प्रयोग कशासाठी?

सहा वर्षांच्या मुलाला घनता समजावून सांगता येत नाही, हे खरं. पण साल असलेलं संत्रं तरंगतं आणि सोललेलं बुडतं, हे ते स्वतः पाहू शकतं, शेजारच्याला दाखवू शकतं आणि पुन्हा करून खात्री करून घेऊ शकतं. या वयात एवढंच हवं: अंदाज बांधणं, हात लावून पाहणं, जे दिसलं ते सांगणं. कारणमीमांसा पाचवी-सहावीत आली तरी चालते. मात्र तेव्हा ती ज्या अनुभवावर उभी राहते, तो आधी हातातून गेलेला असावा लागतो.

म्हणून एक नियम सगळ्या पाठांना लावा. आधी अंदाज, मग हात, मग बोलणं. शिक्षकाचं स्पष्टीकरण सगळ्यात शेवटी, आणि तेही दोन वाक्यांत.

वर्गात चाळीस मुलं आणि मी एकच. किंवा द्विशिक्षकी शाळा, दोन-दोन इयत्ता एकत्र. कसं जमवायचं?

चार-चार मुलांचे गट करा, पाच नको. पाचवं मूल हमखास मागे उभं राहतं. प्रत्येक गटाला एक ताट, त्यात त्या दिवशीचं सगळं साहित्य मोजून ठेवलेलं. ताटाबाहेर काही नाही, म्हणजे आवरताना काय हरवलं ते लगेच कळतं. गटात कामं वाटून द्या: एक साहित्य आणणार, एक करणार, एक खुणा करणार, एक सांगणार. दर पाठाला कामं फिरवा, नाहीतर धीट मूल वर्षभर 'करणारं'च राहतं.

दोन इयत्ता एकत्र असतील तर पाठ एकच ठेवा, मागणी वेगळी ठेवा. पहिलीची मुलं वस्तू वेगळ्या करतील, तिसरीची मुलं तक्ता भरतील.

साहित्य मांडायला पाच मिनिटं, करायला वीस, आवरायला आणि बोलायला पंधरा. आवरणं मुलांकडूनच करून घ्या. आणि काहीही झालं तरी प्रयोग आदल्या संध्याकाळी स्वतः करून पाहा, त्याच साहित्याने. बहुतेक पाठ फसतात ते उतरलेल्या सेलमुळे किंवा जुन्या बियाण्यामुळे.

सुरुवात कोणत्या पाठाने करावी?

तरंगतं की बुडतं. साहित्य घरचं आहे, धोका जवळजवळ नाही आणि पहिल्या पाच मिनिटांत निदान एक अंदाज तरी चुकतो. तो चुकणं फार मोलाचं आहे.

दर गटाला एक टब किंवा घमेलं, अर्ध्यापर्यंत पाणी. वस्तू आठच द्या: लिंबू, बटाट्याची फोड, कांदा, नाणं, प्लास्टिकचं झाकण, खडूचा तुकडा, मेणबत्तीचा तुकडा, सालीसकट संत्रं. आधी सगळ्या वस्तूंचे 'तरंगेल' आणि 'बुडेल' असे दोन ढीग करायला सांगा. मगच पाणी.

बहुतेक मुलं 'जड ते बुडतं' असं म्हणतात. त्यांना खोडू नका. एका हातात छोटं नाणं, दुसऱ्या हातात मोठं संत्रं द्या आणि जड कोणतं ते विचारा. मग दोन्ही पाण्यात. शेवटी संत्रं सोलून पुन्हा टाका, ते बुडतं. साल सच्छिद्र असते, तिच्यात हवा अडकलेली असते. ती गेली की आधार गेला. खडू टाकला की बुडबुडे येतात, तेही याच्याशी जोडून दाखवता येतं. आंब्याच्या दिवसांत तयार आणि कोवळी अशी दोन्ही फळं मिळाली तर अवश्य वापरा: पूर्ण तयार झालेला आंबा पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. आंब्याच्या व्यवहारात ही परीक्षा माहीत असलेली माणसं गावात सापडतात. त्यांच्याकडून ऐकणं हाही पाठाचाच भाग.

मातीची होडी करायला दिली तर ती पाण्यात विरघळते.

शाडू विरघळणारच. तेलाचा हात लावून घट्ट मळलेली कणीक किंवा बाजारातली रंगीत तेलकट माती वापरा. लिंबाएवढा गोळा टाकला की बुडतो, त्याच गोळ्याची वाटी केली की तरंगते. गोळा तोच, हे मुलांच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. गोळ्यातला तुकडा काढून होडी केली तर 'हलकी झाली म्हणून तरंगली' असा निष्कर्ष निघतो, आणि तो त्यांच्या दृष्टीने बरोबरच असतो.

पुढची पायरी म्हणजे अॅल्युमिनियम फॉइलचे १५ बाय १५ सेंटीमीटरचे तुकडे, प्रत्येकाला एक, आणि एक रुपयाची नाणी. कोणाची होडी जास्त नाणी पेलते? कडा दोन सेंटीमीटर उभ्या केलेली पसरट तळाची होडी जिंकते, टोकदार सुंदर होडी लवकर कलंडते. कोपरे कापायचे नाहीत, दुमडायचे. कापलेल्या कोपऱ्यातून पाणी शिरतं. नाणी एका बाजूला रचली तरी होडी बुडते, तेव्हा दुसरी संधी जरूर द्या. खरा विचार दुसऱ्या होडीत दिसतो.

बिया रुजवायच्या पाठात निम्म्या बिया कुजतात. काय चुकतं?

पाणी जास्त होतं. मुलं प्रेमाने दर तासाला पाणी घालतात. बी रुजायला पाण्याइतकीच हवाही लागते, बुडालेल्या बीला ती पुरेशी मिळत नाही.

काचेच्या ग्लासात आतून टीपकागद किंवा जुन्या सुती कापडाची गुंडाळी बसवा. रात्रभर भिजवलेली चवळी, वाल किंवा मूग कापड आणि काच यांच्यामध्ये खोचा, म्हणजे मूळ बाहेरून दिसतं. तळाशी बोटभर पाणी पुरे. कापड ते वर ओढून घेतं. चिकाटी कमी असलेल्या वर्गासाठी मेथी किंवा मोहरी बरी, दोन-तीन दिवसांत मोड दिसतात.

खरा पाठ चार वाट्यांचा आहे. चारही वाट्यांत दहा-दहा मूग: पहिली कोरडी, दुसरी ओलसर कापडावर, तिसरी पाण्यात पूर्ण बुडालेली, चौथी दुसरीसारखीच ओलसर पण बंद कपाटात. चार-पाच दिवसांनी कपाटातली रोपं उजेडातल्यांपेक्षा उंच निघतात आणि मुलं म्हणतात, 'अंधारात चांगलं वाढतं!' या उत्तराला घाबरू नका. रंग विचारा, देठ किती बारीक आहे ते विचारा. नवरात्रात घटातलं धान्य पिवळं का असतं, हे विचारलं की कोणीतरी स्वतःच जोडून सांगतं. रोप उजेडाच्या शोधात ताणलं जातं आणि हिरवं होत नाही. मग ती वाटी खिडकीत ठेवून दोन दिवसांनी पुन्हा बघा.

याच आठवड्यात भाजलेले आणि कच्चे शेंगदाणे, अख्खी तूर आणि तूरडाळ शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. एक बजावून सांगायचं: शेतीसाठी औषध लावलेलं गुलाबी-निळं बियाणं वर्गात आणू नका. मुलांना 'घरून बिया आणा' असं मोघम सांगू नका, नावं सांगा. एरंड, धोतरा आणि गुंज यांच्या बिया विषारी आहेत, आणि गुंज तर मुलांना दिसायला फार आवडते.

बल्ब लागत नाही. सगळं बरोबर जोडलंय असं वाटतं.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. या क्रमाने तपासा.

सेल: नवा सेल आणि चालू असलेला बल्ब तुमच्या खिशात वेगळा ठेवा, तपासणीसाठीच. बिघडलेलं काय, ते एकेक बदलून कळतं, दोन्ही एकदम बदलून नाही.

वायर: मोटारीतून काढलेल्या तांब्याच्या तारेवर लाखेसारखा पारदर्शक लेप असतो. ती उघडी दिसते, पण टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय वीज जात नाही. प्लास्टिकच्या वायरची टोकं दोन सेंटीमीटर सोलून तुम्हीच आणा.

बल्बची दोन टोकं: टॉर्चच्या बल्बला एक जोड तळाच्या टोकावर आणि दुसरा बाजूच्या धातूच्या आट्यांवर असतो. मुलं दोन्ही वायरी तळालाच लावतात. हे आधी सांगून टाकू नका. एक सेल, एक बल्ब, एक वायर देऊन पंधरा मिनिटं शोधू द्या. एकाच वायरीने बल्ब लागतो, हे ज्याला सापडतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बल्बचं मापही बघा. अडीच व्होल्टचा बल्ब दीड व्होल्टच्या एका सेलवर मंद लागतो. दोन सेल एकामागे एक लावा, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला.

सैल जोड: बोटांनी धरलेल्या वायरी सुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन सेंटीमीटर रुंद चकती कापा आणि सेलवर उभी ताणून बसवा. तिच्याखाली दोन्ही टोकांना वायरी पक्क्या अडकतात. चिकटपट्टीपेक्षा हे कितीतरी बरं.

आता टॉर्चचे साधे बल्ब मिळणं कठीण झालं आहे, म्हणून एलईडी वापरत असाल तर तीन गोष्टी. एका सेलवर तो लागत नाही. लांब पाय सेलच्या अधिक बाजूला हवा, उलटा लावला तर लागत नाही. आणि दोन सेलवर पांढरा एलईडी घ्या. लाल एलईडीला कमी व्होल्ट लागतात, म्हणून त्याच्यासोबत १०० ओहमचा रेझिस्टर (वीजप्रवाह कमी करणारा छोटा भाग) जोडला नाही तर तो जळू शकतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर एलईडी थेट लावू नका.

सेल गरम झाला तर बल्ब न लावता वायर थेट एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेली आहे. लगेच सोडवा.

चुंबकाचा पाठ 'लोखंडाला चिकटतं' एवढ्यावर संपतो.

तो तिथे सुरू होतो. बंद पडलेल्या स्पीकरचं गोल चुंबक घ्या, कागदी पिशवीत गुंडाळा आणि ओढ्याच्या किंवा नदीच्या वाळूतून फिरवा. काळे कण चिकटून येतात. आपला सह्याद्री आणि पठार ज्या काळ्या बेसाल्ट खडकाचं आहे, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज असतं. खडक झिजला की ते वाळूत उतरतं. पिशवी विसरलात तर कण चुंबकावरून निघता निघत नाहीत. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला काढलं की कण आपोआप गळतात.

दुसरी चांगली कोडी म्हणजे स्टीलची भांडी आणि नाणी. काही चिकटतात, काही नाही. 'चमकणारं सगळं चिकटतं' हा अंदाज इथे मोडतो.

होकायंत्र करायचं असेल तर सुई चुंबकावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा, परतताना हात उचलून. मागेपुढे घासली तर काम होत नाही. ती कोरड्या पानावर ठेवून पाण्यात सोडा, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. पहिली-दुसरीत सुई शिक्षकाच्याच हातात राहू द्या.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी रसायनशास्त्राचं काही करता येईल का?

हळद पुरते. एक चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून जाड कागदावर फासा, वाळवा, बोटाएवढ्या पट्ट्या करा. कपड्याच्या साबणाचं पाणी लावलं की पट्टी लालसर होते, वर लिंबू लावलं की पुन्हा पिवळी. भाजीचा डाग साबणाने लाल झालेला मुलांनी पाहिलेला असतो, आणि हळदीपासून कुंकू करण्यामागेही हीच क्रिया आहे.

रंग बदलला नाही तर बहुधा साबणाचं कारण असतं. भांडी घासायचे काही द्रव साबण फारसे अल्कधर्मी, म्हणजे हळद लाल करणाऱ्या गुणाचे, नसतात. खायच्या सोड्याने बदल फिका येतो, धुण्याच्या सोड्याने ठळक. तो तुम्हीच पाण्यात विरघळवून द्या. पानाचा चुना मात्र मुलांच्या हातात नको, डोळ्याला फार इजा करतो. जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करूनही रंग मिळतो. लिंबाने तो गुलाबी-लाल होतो, साबणाने हिरवट.

सावलीचा पाठ दुपारी बारा वाजता घेतला, पण सावली सर्वांत लहान नव्हती.

घड्याळ आपल्याला देशाची वेळ सांगतं, गावाची नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे. पुणे-मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य सर्वांत वर यायला साधारण साडेबारा वाजतात. नागपुरात त्याच्या वीसेक मिनिटं आधी. ऋतूनुसार यात पाव तास पुढेमागे होतं. म्हणून मैदानात ३० सेंटीमीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवा आणि अकरा ते दोनपर्यंत दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकावर खडा ठेवा. सर्वांत लहान सावली मुलंच शोधतील.

शून्य सावलीचा दिवस महाराष्ट्रात सगळीकडे येतो: पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५ मेच्या आसपास, नागपुरात २६ मेच्या आसपास, आणि पुन्हा जुलैत. मेमध्ये सुट्टी असते, जुलैत ढग. तेव्हा मेचा दिवस मुलांना सुट्टीचं काम म्हणून द्या: सरळ उभी बाटली आणि एक मोठं माणूस सोबत, एवढं पुरतं.

पावसाळ्यात काय करावं?

पाऊस मोजावा. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली वरच्या उतारापाशी कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा, कडांना चिकटपट्टी लावा. तळ उंचसखल असतो, म्हणून खाली खडे टाका आणि बाजू सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची कागदी पट्टी, वर पारदर्शक चिकटपट्टी. झाड, भिंत आणि पन्हाळीपासून दूर, उघड्यावर ठेवा.

रोज सकाळी साडेआठला नोंद. हवामान खातंही पावसाचा दिवस साडेआठला मोजतं, त्यामुळे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहता येतं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त म्हणजे खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस. नोंदीनंतर पाणी शून्यापर्यंत ओतून टाकायचं, हेच मुलं विसरतात. बाटलीतला आकडा दोन गावांत वेगळा येतो, म्हणून शेजारच्या शाळेशी फोनवर आकडे बदलले तर तिसरीचा वर्ग पावसाळाभर गुंतून राहतो.

तंत्रज्ञान शिकवायला टॅबलेट हवेत का?

नकोत. या वयात तंत्रज्ञान म्हणजे वस्तू कशी बनते आणि कशी चालते. चिमटा, विळी, अडकित्ता, रहाट हे सगळं त्यातच येतं.

रचनेसाठी: काबुली चणे आठ-दहा तास भिजवा, खराट्याच्या काड्यांचे दहा सेंटीमीटरचे तुकडे करा, टोकं बोथट ठेवा. चणा म्हणजे सांधा. आधी चौकोन, मग त्रिकोण. चौकोन बोटाने ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. चौकोनात एक आडवी-तिरपी काडी घातली की तोही घट्ट होतो. मग एसटी स्थानकाच्या किंवा मंडपाच्या छपराकडे बघायला पाठवा. रात्रभर ठेवलं की चणे आकसून काड्या पकडून ठेवतात. जास्त भिजलेले मात्र फुटतात. थोड्या मोठ्या मुलांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे सांधे म्हणून चालतात. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्यांसाठी ही युक्ती लोकप्रिय केली. वर्गात गूल काढलेल्या काड्याच द्या.

उघडून पाहण्यासाठी: टिचकीचा बॉलपेन. सगळे भाग कागदावर क्रमाने मांडायचे, चित्र काढायचं, परत जोडायचं. स्प्रिंग उडते, म्हणून ताट हवंच. प्लगचं कोणतंही यंत्र, मोबाइलची बॅटरी आणि सीएफएल उघडायला देऊ नका.

संगणकाच्या विचारासाठी: फरशीवर पाच बाय पाच चौकोन आखा. एक मूल यंत्रमानव, बाकीचे बाणांच्या चिठ्ठ्यांनी त्याला दप्तरापर्यंत नेतात. हमखास घोळ होतो तो 'डावीकडे वळ' आणि 'डावीकडे सरक' यांत, आणि सूचना देणारं मूल समोर उभं असेल तर डावं-उजवं उलटतं. सगळ्यांना यंत्रमानवाच्या मागे उभं करा. चुकलं की पूर्ण चिठ्ठ्या मोडू नका. कितवी चिठ्ठी चुकली ते शोधायचं.

पाण्याच्या ताटात उभ्या केलेल्या पेटत्या मेणबत्तीवर उलटा ग्लास ठेवून पाणी चढवायचा प्रयोग दाखवावा का?

लहान वर्गात नको. 'जितका ऑक्सिजन जळला तितकं पाणी चढलं' हे स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं आणि ते चूक आहे. ग्लासातली हवा ज्योतीने तापून प्रसरण पावते, ज्योत विझल्यावर थंड होऊन आकसते, पाणी चढण्याचं मुख्य कारण ते. म्हणूनच बहुतेक पाणी ज्योत विझल्यावर भराभर चढतं.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात ज्वालामुखीच हवा असा पालकांचा आग्रह असतो.

सोडा आणि व्हिनेगर फसफसतात, टाळ्या पडतात, पण मुलाने काही शोधलेलं नसतं. शिवाय खरा ज्वालामुखी तसा चालतच नाही. आपलं पठार ज्या लाव्हाचं आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी प्रामुख्याने जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून थरांवर थर पसरला. शंकूच्या माथ्यावरून उडालेला नाही. रामन यांच्या १९२८ च्या शोधाची आठवण म्हणून हा दिवस पाळतो, तेव्हा त्या दिवशी मुलाचं स्वतःचं मोजमाप मांडा: पावसाची नोंदवही, चार वाट्या, फॉइलच्या होड्या आणि त्यांनी पेललेली नाणी.

सुरक्षेचे पक्के नियम कोणते?

बटण सेल आणि छोटी, चकाकती, जोरकस चुंबकं वर्गात आणूच नका. गिळला तर बटण सेल अन्ननलिका काही तासांत जाळतो. अशी दोन चुंबकं पोटात एकमेकांना ओढून आतड्याला छिद्र पाडतात. कोणी गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय. फुगे फुगवायचं काम मोठ्यांचं, फुटलेले तुकडे लगेच उचला. कात्री बोथट टोकाची. प्रयोगातलं काहीही तोंडात घालायचं नाही, ते खायचंच असलं तरी. मोड आलेले मूग खायचे असतील तर वेगळे आणा.

मुलाने चुकीचं कारण सांगितलं तर दुरुस्त करायचं नाही का?

लगेच नाही. 'हे कसं तपासशील?' असं विचारा. 'पाणी खोल आहे म्हणून तरंगलं' असं कोणी म्हणालं तर उथळ ताटात आणि भरलेल्या बादलीत तेच लिंबू टाकायला द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय या वयात लागते. जे तपासता येत नाही ते तुम्ही थोडक्यात सांगा. उत्तर माहीत नसेल तर फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवा आणि आठवड्यात त्याकडे परत या.

वहीत काय लिहून घ्यावं?

पहिलीत चित्र आणि बरोबर-चूक खूण. दुसरीत दोन रकाने: 'मला वाटलं' आणि 'झालं'. तिसरीत आकडे आणि एक वाक्य. चुकलेला अंदाज खोडू देऊ नका आणि त्याला गुण कापू नका; नाहीतर पुढच्या पाठाला मुलं आधी पाण्यात टाकून बघतात आणि मग अंदाज लिहितात.